वाकवलेला सूर

पन्नाशी उलटल्यावर मी मँडोलिन पुन्हा हातात घेतलं. त्याला कारण झाला सातासमुद्रापलीकडचा, माझ्याही आधीच्या पिढीतला एक माणूस.

मँडोलिन वडिलांचं. ते फौजेत होते. जबलपूरला असताना गोव्याच्या एका सोबत्याकडून वाजवायला शिकले, आणि सुट्टीवर आटपाडीला आले की मला शिकवायचे. लग्न होऊन मी तासगावला आले. बेदाण्याच्या शेडवर निवडायचं काम, दोन मुली, सासूचं आजारपण. मँडोलिन कपाटावर चढलं ते पंचवीस वर्षं खाली आलं नाही.

एका रविवारी धाकटीनं पुण्याहून मोबाईलवर एक जुनी रेकॉर्ड पाठवली. खरखर एवढी की वाटलं, कुणी भजीच तळतंय. मग आतून मँडोलिन वर आलं. गोड अजिबात नव्हतं. माणूस तारा ओढून ओढून सूर वाकवत होता, कुणाशी तरी भांडल्यासारखा. मी डाळीखालचा गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसले.

त्याची हकिकत मुलीनं फोनवर वाचून दाखवली. अमेरिकेतला काळा माणूस, कापूस वेचणाऱ्यांच्या घरातला. शनिवारी नाचगाण्यात वाजवायचा. तरुणपणी चार-दोन रेकॉर्डी निघाल्या. मग कंपनीनं सांगितलं, मँडोलिन आता कुणाला नको. पुढं कित्येक वर्षं त्यानं रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलली. म्हातारपणी कुणीतरी त्याला शोधून काढलं आणि तो पुन्हा रेकॉर्ड करायला बसला. मी दोन्ही वेळचं ऐकलं. म्हातारा तरण्यापेक्षा जास्त कर्कश वाजवत होता. मला लय आवडलं ते.

मिरजेला जाऊन तारा बदलून आणल्या. दुकानातच एक तार ओढून बघितली तसा दुकानदार म्हणाला, “ताई, जोडीच्या तारा हायत, ओढू नका. तुटतील.”

“तुटू देत. चार संच जादा द्या.”

बोटांची सालं निघाली, पण सूर वाकायला लागला. आमच्याकडं धनगरी ओवीत शेवटचा सूर असाच ओढतात, त्यामुळं मला तो परका वाटलाच नाही. शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, डोळे चुरचुरतात, खोकला जात नाही. त्यावर मी गाणं रचलं. दीर म्हणाले, “आवं वैनी, ह्या वयात लोक हसतील.” मी म्हटलं, “हसू देत. खोकण्यापेक्षा बरं.”

सांगलीच्या एका स्टुडिओत ते गाणं रेकॉर्ड केलं. आठवड्यानं ऐकायला गेले तर मला माझंच गाणं ओळखू येईना. इस्त्री फिरवल्यासारखं सपाट.

रेकॉर्डिंगवाले खुशीत म्हणाले, “बऱ्याच ठिकाणी सूर घसरला होता, सगळा सरळ करून घेतला.”

“घसरला न्हवता. मी वाकवला होता.”

“ऐकणाऱ्याला चूकच वाटणार, ताई.”

“वाटू दे. मूळचं हाय का?”

मूळचं त्यांनी पुसून टाकलं होतं. मी मँडोलिन पिशवीत घातलं आणि तासगावची एसटी धरली. डोकं तडकलं होतं, पण रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेडवरच बसले. सोबतच्या बाईनं रेकॉर्ड करायला मोबाईल धरला. मधेच बाहेरून ट्रॅक्टर गेला, एकजण खोकली. ते सगळं त्यात आहे. मुलीनं विचारलं, “आई, हे मधले आवाज काढून टाकू का?” म्हटलं, हात लावायचा नाही.

तिनं ते तसंच मोबाईलवरून चार ठिकाणी पाठवलं आणि तेच ऐकून कोरेगावच्या महिला मेळाव्याला बोलावणं आलं. स्टेजवर चढताना संयोजक कानाशी म्हणाले, “जरा भक्तिगीत वगैरे घ्या. गोड काहीतरी.”

“मला धुरीचंच येतं,” म्हटलं, आणि सुरू केलं.

निम्म्या खुर्च्या चहाला उठून गेल्या. उरलेल्यांत कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मात्र गुडघ्यावर हात टेकून उठली, स्टेजपाशी आली आणि दरडावून म्हणाली, “ह्ये पुन्यांदा म्हन. माझी ल्येक बी शेडवर जाती.”

संयोजक घड्याळ दाखवत होते. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि पुन्हा वाजवलं, पहिल्यापेक्षा जोरात.