जहाजावरचा भंडारी

सासरे अमेरिकेत आले की लोक त्यांना नायगारा दाखवतात. आमच्या अण्णांनी मात्र मालवणहून निघतानाच ठरवलं होतं: बाल्टिमोरच्या धक्क्यावर दुसऱ्या महायुद्धातलं मालवाहू जहाज जपून ठेवलंय, ते बघायचं. नवऱ्याचं ऑफिसातलं सॉफ्टवेअर रिलीज आडवं आलं, म्हणून शनिवारी मीच ड्राइव्ह केलं.

आमच्या पिस्कॅटवेहून तीन तास धरा. टोल बरेच आहेत, पण सातला निघालात तर ट्रॅफिक टळतो. रेस्ट एरियात घरचे पोहे खाताना अण्णा एकदाचे बोलले. त्यांचे वडील अशाच जहाजावर होते. भूमध्य समुद्रात माल्टाला धान्य पोचवणारा ताफा, आणि वरून विमानांचा मारा. पण गावी परतल्यावर ते एवढंच सांगायचे, की मी विमान एकदाही बघितलं नाही. गाव हसलं. घाबरून खाली लपला असणार, म्हणालं. अण्णा आठ वर्षांचे असताना वडील गेले. ते हसणं वयाच्या ऐंशीनंतरही अण्णांना टोचतं.

जहाजावर जाताना बूट घाला, जिने शिडीसारखे उभे आहेत. मी नको म्हणत असताना अण्णा निम्मे चढलेसुद्धा. माहिती द्यायला एक निवृत्त खलाशी होता. अण्णांनी त्याला वडिलांच्या जहाजावरच्या नोकरीच्या दाखल्याची झेरॉक्स दाखवली. नावापुढे लिहिलं होतं, 'भंडारी'. आम्ही भंडारीच, त्यामुळे साहेबानं जात लिहिली असेल असंच घरात सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

"भंडारी? दॅट्स द कुक," म्हातारा म्हणाला. तरुणपणी त्यानं भारतीय खलाशांबरोबर काम केलं होतं.

त्यानं आम्हाला जहाजाच्या स्वयंपाकघरात नेलं. हल्ला सुरू झाला की इथल्या खिडक्या लोखंडी झडपांनी बंद करत. तोफेवरच्या माणसांना दिवसदिवस जागा सोडता यायची नाही, त्यांचं खाणं इथूनच वर जायचं. मी भराभर मराठीत सांगत गेले. अण्णा शेगडीवर हात ठेवून उभे होते.

"मग विमान दिसणार कुठून?" ते म्हणाले.

जेवायला धक्क्यावरच क्रॅबकेक घेतला. अण्णांच्या मते त्यात खेकडा होता, तिखट नव्हतं.

घरी आल्यावर फोटो चाळले, बहुतेक हललेले. पण अण्णांची मान त्या दिवसापासून ताठ आहे, हे मला रोज दिसतं. त्याच रात्री त्यांनी सगळ्यात आधी मालवणला थोरल्या बहिणीला, आक्काला, फोन लावला.

"आक्का गो, बाबा लपले नव्हते. रांधत होते."

आक्का म्हणाली, परत सांग. अण्णांनी परत सांगितलं, मोठ्यानं. तिला पहिल्या वेळीच नीट ऐकू गेलं होतं. तिनं फोन स्पीकरवर टाकला होता, शेजारच्यांना बोलावून.