मिस्टर लिम आणि टेपचं दुसरं टोक

बँकेच्या रिपोर्टला आठ फोटो लागतात. मी काढायचे तीसेक. उरलेल्या बावीसांचं काय करायचं, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. किश्श्यांचंही तसंच झालं. रिपोर्टात त्यांना रकाना नाही, म्हणून ते माझ्याकडेच साठत गेले.

मी चिंचवडची सिव्हिल इंजिनिअर. नवऱ्याला वन-नॉर्थच्या बिझनेस पार्कात नोकरी लागली म्हणून सिंगापूरला आले आणि वर्षभर घरी बसून कंटाळल्यावर घरांची किंमत ठरवणाऱ्या एका छोट्या व्हॅल्युएशन फर्ममध्ये चिकटले. ऑफिसात माणसं तीन. मिस्टर लिम, साठीच्या पुढचे, लायसन्सवाले व्हॅल्युअर, सही त्यांची. शांती, फोनवर. आणि मी, टेपचं दुसरं टोक धरायला! मिस्टर लिमचा लेझरच्या मापावर विश्वास नव्हता.

इथे बहुतेक लोक सरकारी फ्लॅटमध्ये राहतात आणि घर घेताना सरकारी फंडातले, म्हणजे स्वतःच्याच प्रॉव्हिडंट फंडातले, पैसे उचलतात. घर विकलं की ते परत भरायचे. व्याजासकट! "पैसे माझे, घर माझं, मग व्याज कुणाला?" असं नवीन माणूस हमखास विचारायचा. शांती सांगायची, "तुम्हालाच, सर."

हे सगळं गणित आमच्या आकड्यावर अडलेलं असायचं. आणि दोन हजार चौदाच्या आसपास, मी लागले तेव्हा, भाव उतरायला लागले होते. म्हणजे आम्ही ज्या दारात उभे राहायचो, तिथे बहुतेक वेळा वाईट बातमी घेऊनच उभे असायचो. चहा मात्र सगळीकडे मिळायचा.

*

मी मोजलेलं पहिलं घर सेम्बावांगचं. मालक मिस्टर हमीद, शिपयार्डात वेल्डर होते, आता रिटायर्ड. बायकोच्या आजारपणानंतर घर विकून लहान घरात जायचं ठरलेलं.

त्यांनी आम्हाला ना किचन दाखवलं, ना बाथरूम. थेट खिडकीपाशी नेलं. प्रत्येक खिडकीला त्यांनी स्वतः वेल्डिंग केलेली लोखंडी ग्रिल. एकीत जहाज, एकीत क्रेन, एकीत नुसत्याच लाटा. दोन खिडक्या सारख्या नाहीत!

"लोखंड यार्डातलं नाही हां. विकत आणलेलं," ते पहिल्यांदा हेच म्हणाले.

मिस्टर लिमनी जहाजावरून बोट फिरवलं. "व्हेरी नाइस."

"याचे किती धरणार?"

"याचे काही धरत नाही. ग्रिल असते किंवा नसते."

चार दिवसांनी रिपोर्ट गेला, पाचव्या दिवशी फोन आला. मीच उचलला. मिस्टर हमीद आकड्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "इथे लिहिलंय, 'विंडो ग्रिल्स : प्रोव्हायडेड.' कुणी प्रोव्हाइड केल्या? मी केल्या! अकरा महिने लागले मला!"

शांतीने फोन घेतला. "सर, ते फॉर्मवर छापलेलंच असतं."

"मग खोडा!"

*

शांतीचा एक किस्सा ऑफिसात आम्ही कितीतरी दिवस पुरवून खाल्ला.

एक गृहस्थ फोनवर तापले होते. "तुमचा माणूस माझ्या घरात किती वेळ होता?"

"पंधरा मिनिटं, सर."

"मी त्या घरात तीस वर्षं राहतोय! माझी मुलं तिथे झाली, आई तिथे गेली. पंधरा मिनिटांत त्याला काय कळलं?"

शांती शांतपणे म्हणाली, "काहीच नाही, सर. म्हणून तर फी इतकी कमी आहे."

त्यांनी फोन आपटला नाही. "ते खरं आहे," म्हणाले आणि हळूच ठेवला. आपटला असता तर बरं वाटलं असतं, असं शांती नंतर म्हणाली.

*

आता आपल्या माणसाची गोष्ट. अविनाश माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसातला. तो आणि त्याची बायको गौरी पुण्याहून इथे येऊन दहा वर्षं झालेली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालेला, भाव अगदी टोकाला असताना घेतलेला चार खोल्यांचा फ्लॅट. बँकेचं कर्ज बदलून घ्यायचं होतं, म्हणून व्हॅल्युएशन. काम नेमकं आमच्याकडे आलं. मी मिस्टर लिमना आधीच सांगून टाकलं, की ओळखीचे आहेत. ते म्हणाले, "मग तू टेप धर आणि गप्प राहा."

त्या दिवशी अविनाश नुसता उडत होता. "वहिनी, हे बघा, सगळं वायरिंग नवीन! साहेबांना सांगा ना!" बाथरूममध्ये मिस्टर लिमना उभं करून त्याने नव्या कमोडचा फ्लश तीनदा ओढून दाखवला. "जॅपनीज!" गौरीने चकल्या केलेल्या. मिस्टर लिमनी दोन खाल्ल्या. आकडा त्याच्या मनासारखा आला नाही, पण काम झालं.

वर्षभराने अविनाशची नोकरी गेली. आख्खी टीमच बंद झाली. सहा महिने त्याने ठिकठिकाणी हातपाय मारले. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून परत जाणं नको. फ्लॅट विकायचा आणि भाड्याने राहायचं, असं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं, पण पडेल भावाचं.

इथे नियमाची एक मेख आहे. विकून आलेल्या पैशातून आधी बँक फिटते, मग सरकारी फंड. फंड पूर्ण भरला गेला नाही तरी सरकार मागे लागत नाही. अट एकच : घर व्हॅल्युएशनपेक्षा स्वस्तात विकलेलं नसावं. स्वस्तात विकलं, तर तेवढा फरक खिशातून भरायचा. आणि त्याच्या खिशात काय होतं, ते मला माहीत होतं. गौरी भाजी घ्यायला आता संध्याकाळी उशिरा, भाव पाडल्यावर जायची.

काम पुन्हा आमच्याकडेच आलं. दार उघडल्या उघडल्या अविनाश मराठीत, घाईघाईने : "वहिनी, कमी लावायला सांगा. मागच्या वेळी मीच तो कमोड दाखवला होता ना? आता सांगा, गळतो म्हणून! वायरिंगचंही काही खरं नाही म्हणावं!"

मी टेप धरली आणि गप्प राहिले. त्याच्याकडे बघवेना, म्हणून टेपवरचे आकडे बघत राहिले.

मिस्टर लिम बाथरूममध्ये गेले. फ्लश ओढला. एकदाच. "स्टिल गुड," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं.

आकडा गिऱ्हाइकाच्या भावापेक्षा वर गेला. फार नाही, पण मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्यात गेलं. मी त्यांच्याकडे जायला धजत नव्हते. शेवटी गौरीच ब्लॉकखाली भेटली. रागावली असेल, असं वाटलं होतं. पण ती मला समजावल्यासारखी म्हणाली, "तुझं काय चुकलं? दर शनिवारी फरशी पुसली, दर दिवाळीला रंग काढला. घर नीट ठेवलं, हीच आमची चूक झाली."

*

मिसेस पेरेरा एकट्या राहायच्या. वय शहात्तर. म्हाताऱ्या माणसांसाठी इथे एक सरकारी योजना आहे. फ्लॅटच्या नव्याण्णव वर्षांच्या लीजची जेवढी वर्षं तुम्हाला लागतील तेवढी तुम्ही ठेवायची, शेपटाकडची उरलेली सरकार विकत घेतं. त्यासाठी आधी व्हॅल्युएशन. वर्षं कमी ठेवली की पैसे जास्त.

बाई फॉर्म पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मिस्टर लिमना म्हणाल्या, "तुम्ही एवढी घरं बघता, तुम्हीच सांगा. मी किती वर्षं ठेवू?"

"मी फक्त भिंती बघतो, आंटी."

"माझी आई शहाण्णवला गेली. नवरा अठ्ठावन्नला. मी कुणाचं धरू?"

मिस्टर लिम टेप गुंडाळत राहिले.

बाईंनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "नवऱ्याचं धरायचं तर आत्ताच अठरा वर्षं जास्तीची झाली. ती कुणाला परत भरायची?"

*

घटस्फोटाची व्हॅल्युएशनं मिस्टर लिमना आवडायची नाहीत. घर एकाने ठेवायचं आणि दुसऱ्याचा हिस्सा, दुसऱ्याचा फंड भरून टाकायचा. जो ठेवणार त्याला आकडा कमी हवा असतो, जो जाणार त्याला जास्त.

असंच एक तरुण जोडपं. नवरा आमच्या पुढे चालत होता : "हे बघा, पार्के फ्लोअरिंग, सागवानी!" बायको आमच्या मागून : "वाळवी लागलीय." नवरा : "व्ह्यू बघा!" बायको : "समोर नवीन ब्लॉक येतोय." एकमेकांशी एक शब्द नाही. जे काही बोलायचं ते मिस्टर लिमच्या टकलाला!

त्यांची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, डायनिंग टेबलावर शाळेचा अभ्यास करत होती. मिस्टर लिम सहसा मुलांशी बोलत नाहीत. पण दोन बेडरूमच्या मध्ये आम्ही अडकलो होतो आणि नवरा-बायको दोन्ही बाजूंनी बोलत होते, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं, "यातली तुझी खोली कुठली?"

तिने वहीतून मान वर केली नाही. इथल्या बोलीत म्हणाली, "डिपेंड्स, लाह."

मिस्टर लिमनी वही मिटली आणि ते दाराकडे वळले.

खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं, की टेप वरच राहिली. मी म्हटलं, पटकन घेऊन येते. मिस्टर लिम म्हणाले, "राहू दे." आणि समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरून त्यांनी नवी टेप घेतली.

*

आणि मिसेस ओंग.

सत्तरीच्या, बुटक्या, हसऱ्या. तीन खोल्यांचा फ्लॅट. मुलगी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिने सगळं ठरवलं होतं. हे घर विकायचं, फंडाचे आणि बाकीचे पैसे भरून टाकायचे, आई तिच्याकडे राहायला जाणार. गिऱ्हाईक घाईतलं होतं. पंधरा दिवसांत रिपोर्ट गेला नाही, तर ते दुसरा फ्लॅट बघणार होतं.

हॉल मोजला, किचन मोजलं, एक बेडरूम मोजली. दुसरीचं दार बंद.

"ती नको," मिसेस ओंग कुजबुजल्या. "माझे मिस्टर झोपलेत."

मिस्टर लिमही कुजबुजले, "सगळ्या खोल्या बघाव्या लागतात, मॅडम. नाहीतर मला सही करता येत नाही. आम्ही थांबतो."

आम्ही तासभर थांबलो. बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली. कप बशीत ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नव्हत्या. मग त्या आत गेल्या. आतून त्यांचा बारीक आवाज येत होता, मध्ये थांबत होता, पुन्हा येत होता. बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं. "ही सेज टुडे कॅनॉट." इथल्या इंग्रजीत कॅन आणि कॅनॉट या दोन शब्दांवर आख्खा संसार चालतो.

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी फाइल उघडली. फ्लॅट दोघांच्या नावावर होता. पुढच्या पानावर मिस्टर ओंग यांच्या मृत्यूचा दाखला होता. चार वर्षांपूर्वीचा.

मी फाइल मिस्टर लिमच्या पुढे धरली. "आय नो," ते म्हणाले. "मी सकाळीच वाचली होती."

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. पुन्हा चहा, पुन्हा कुजबुज. "ही सेज टुडे ऑल्सो कॅनॉट. पाठ दुखतेय त्यांची." संध्याकाळी ऑफिसात मुलीचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "मी येते, दार उघडते, तुम्ही मोजून घ्या. मी किती वेळा सांगितलं तिला!" शांतीने फोन मिस्टर लिमना दिला. ते म्हणाले, "तुम्ही येऊ नका."

तिसऱ्या खेपेला दोनच दिवस उरले होते. मिस्टर लिमनी त्या दिवशी टाय बांधला होता. मी त्यांना टायमध्ये कधीच बघितलं नव्हतं.

चहा झाला. मिसेस ओंग उठायला लागल्या, तर मिस्टर लिमनी त्यांना हाताने खूण केली, बसा. स्वतः उठले. बंद दारापाशी गेले, शर्ट नीट केला आणि दोन बोटांनी हलकेच टकटक केली.

"मिस्टर ओंग, सॉरी टु डिस्टर्ब यू, सर. मी लिम. फक्त पाच मिनिटं. आत येऊ का?"

आणि ते थांबले. मान खाली, कान दाराकडे. किती वेळ, कुणास ठाऊक. मिसेस ओंग त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

मग मिस्टर लिमनी एकदा मान डोलावली, वळले आणि बाईंना हळूच म्हणाले,

"ही सेज कॅन."