बिनशिशाची फेक

माझा थोरला भाऊ बोटीवरून कायमचा घरी आला तेव्हा त्याच्या सामानात मासे गरवायच्या दोन परदेशी काठ्या होत्या, आणि उजव्या हाताला अंगठा नव्हता. काठ्या बघायला ही गर्दी झाली. भाट्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला आमची वाडी. वाडीतली माणसं तर आलीच, पण पलीकडच्या तीरावरून दोन होड्या भरून माणसं आली, आणि ओटी पुरेना म्हणून काहीजण माडावर चढून बसले, असं मी सांगतो. वहिनी म्हणते, पाच माणसं होती आणि त्यातली दोन घरातलीच. तिला माणसं मोजायची वाईट सवय आहे. काठ्या बघता बघता प्रत्येकाची नजर एकदा तरी त्या हाताकडे जायची आणि चटका बसल्यासारखी परत यायची. हे मात्र वहिनीलाही मान्य आहे.

अंगठा कसा गेला ते लगेच सांगून टाकतो. बोट धक्क्याला लावताना जाड दोराला ताण आला आणि दादाचा हात वेळेवर सुटला नाही. वीतभर बांगडा हातभर करून सांगण्यात माझं आयुष्य गेलं, पण या गोष्टीत मी आजवर एका शब्दाची भर घातलेली नाही. माझ्याच्याने ते होत नाही.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. बोटीवरचा माणूस घरी आला की टेपरेकॉर्डर आणायचा, साबणाच्या वड्या आणायचा. दादाने जपानच्या कुठल्याशा बंदरातून या काठ्या आणल्या होत्या, हात शाबूत होता तेव्हा. एक काठी कडक, जाड बुडाची. दुसरी मऊ, शेंड्याकडे इतकी बारीक की माशी बसली तर वाकेल. माशी बसली आणि ती वाकली हे मी स्वतः पाहिलंय. दोघींना मिळून एक चरखी. ती काठीच्या वरच्या अंगाला बसायची, तिच्यावर नायलॉनचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळलेला. आणि गळाला आमिष म्हणून लावायच्या रबरी गांडुळांचं एक पुडकं. मऊ, लिबलिबीत, जांभळी, आणि वासाला चक्क बडीशेप! आमच्या आईने पुडकं हुंगलं आणि जेवणानंतर पानाच्या तबकात ठेवलं. त्यातलं एक आमच्या गुरवकाकांनी तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळून म्हणाले, "सुपारी जरा सर्दावलेली वाटते." त्या दिवशी दादा हसला. नंतर पुष्कळ दिवस हसला नाही, म्हणून लक्षात राहिलं.

कारण दुसऱ्याच दिवशी चिपळूणहून मामा आले. मामांचं तिथे बाजारात किराणा मालाचं दुकान. त्यांनी चहा घेतला, काठ्या न्याहाळल्या आणि माया करायची म्हणून म्हणाले, "उगाच मनाला लावून घेऊ नको. माझ्याकडे ये, गल्ल्यावर बस. बसायला काय अंगठा लागत नाही."

दादा उठून मागच्या पडवीत गेला. मामांना कळेना आपलं काय चुकलं. माणूस चांगला, पण जिभेला हाड नाही म्हणतात ते मामांच्या बाबतीत अपुरं आहे, त्यांच्या जिभेला शेंडाबुडखाही नव्हता.

ते गेल्यावर दादा मला घेऊन आमच्या धक्क्यावर आला. धक्का म्हणजे चार जांभ्या दगडांच्या पायऱ्या. समोर पाण्यात होड्या बांधायचा एक जुना खुंटा, कालवांच्या धारदार शिंपल्यांनी लडबडलेला. त्याच्याकडे बोट दाखवून दादा म्हणाला, "त्या खुंट्याच्या पलीकडे माझं गांडूळ पडलं ना, की मी मुंबईला जातो. कंपनीच्या डॉक्टरसमोर उभा राहतो आणि सांगतो, हात कामाचा आहे, घ्या परत. नाही पडलं, तर मामांचा गल्ला."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "चिमटीभर शिसं बांध गळाच्या वर. खुंटा सोड, पार पावस गावात जाऊन पडेल."

"शिसं बांधलं तर शिसं जातं रे. हात कुठे जातो त्यात? शिवाय जिताडा मासा शिशाला तोंड लावत नाही. गांडूळ मेल्या कोळंबीसारखं सावकाश खाली यायला हवं, तरच तो घेतो. बिनशिशाचंच फेकणार."

आता अडचण अशी, की असल्या चरखीला अंगठाच तर लागतो. आमिष उडालं की चरखी गरगरा फिरते, आणि फिरता फिरता तिच्यावर अंगठा हलकेच टेकवून तिला आवरावं लागतं. नाही आवरली, तर तंगूस बाहेर जाण्याऐवजी जागच्या जागी फुगतो आणि त्याचं सुगरणीचं घरटं होतं. जड आमिष निदान ओढून तरी नेतं, हलक्याला कसला जोर? म्हणजे सगळं काठीवर आलं. दोनांतली कुठली घ्यायची, यावर मुंबई की चिपळूण, ते ठरणार होतं.

आमच्या घरात असा पेच पडला की डोकं चालवायची पद्धत नाही, कौल लावतात. आईने गुरवकाकांना निरोप धाडला. देवळात दोन्ही काठ्या देवासमोर आडव्या ठेवल्या. काकांनी देवाच्या दगडी अंगावर पाण्याने ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडची आधी पडली तर कडक काठी आणि डावीकडची पडली तर मऊ, असं बोलून घेतलं, आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या हातात जास्त मजबूत काठी कुठली, ता दाखव. त्याचा हात परत कामाला लाव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. मी इतक्या जोरात ओरडलो की देवळाच्या आढ्यातली वटवाघळं हर्चिरी गावापर्यंत गेली. उजवी पाकळी टपकन पडली. कडक काठी.

कडक काठी घेऊन दादा महिनाभर तरी धक्क्यावर जात होता. ती काठी झटका मागायची. झटका दिला की चरखी वेड लागल्यासारखी फिरायची, दादा पहिल्या बोटाने तिला दाबू बघायचा, बोट निसटायचं, आणि गांडूळ पायरीखालीच पचकन पडायचं. मग घरटं सोडवायला बसायचं. मी आणि वहिनी दोघं मिळून तो गुंता सोडवायचो. सुईच्या टोकाने गाठी सोडवणं दादाला जमत नसे, तो नुसता समोर बसून बघायचा. त्या महिन्यात आम्ही जेवढा तंगूस सोडवला तो सरळ ताणला असता तर रत्नागिरीच्या बंदरातून निघून जपानला, जिथून आला तिथे, पोचला असता.

"डाव्या हाताने फेकून बघा ना," वहिनी एकदा हळूच म्हणाली.

"जेवू पण डाव्याच हाताने?" दादा म्हणाला. ती पुन्हा गाठीवर नखं लावत बसली. चरखीची मूठ उजव्या हाताच्या माणसासाठी होती, हेही खरं. पण ते कारण त्याला पुढे करायचं नव्हतं.

मी म्हटलं, देवाला बाजूला ठेवू आणि देशी उपाय करू. पालीच्या बाजारातून चिव्याची काठी आणली, आमच्याकडचा तो बारीक भरीव बांबू. तिच्यावर दोरीने चरखी बांधली. पहिल्याच फेकीला चरखी सुटली आणि ती, एकटीच, खुंट्याच्या पलीकडे जाऊन पडली. मी टाळ्या वाजवल्या. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी कपडे काढून मुकाट पाण्यात उतरलो. चिखलात पाय घालून घालून ती हुडकली. त्या दिवसापासून मी उपाय सुचवणं बंद केलं.

शेवटी आईच गुरवकाकांकडे भांडायला गेली. "तुमच्या देवाने फसवलंन माझ्या पोराला."

काका अजिबात गडबडले नाहीत. "वयनी, आपण विचारलंव काय? मजबूत कुठली. देवान् मजबूत दाखवलंन. लांब फेकणारी कुठली, असा विचारलाव तुम्ही? देव विचारल्याशिवाय बोलत नाय."

"मग आता विचारा."

"एका कामाला दोनदा कौल नाय."

तेव्हा दादाने देवाला न विचारता मऊ काठी उचलली. आईने हात जोडून देवाची क्षमा मागितली, तीही आतल्या खोलीत, कुणाला दिसणार नाही अशी.

मऊ काठीचा स्वभाव वेगळा. ती झटका मागत नाही. मागे नेली की शेंड्यापासून वाकते, क्षणभर थांबते, आणि सरळ होता होता आमिष आपणच पुढे नेते. चरखी सावकाश सुटते, सावकाश थांबते. तिला आवरायला तळहाताची कड पुरते. हे मी आता मोठ्या जाणकारासारखं लिहितोय, पण तेव्हा आम्ही ते नुसतं हरखून बघत होतो. पहिल्या दिवशी खुंट्याच्या निम्म्या वाटेपर्यंत. मग वारा पडलेला बघून, ओहोटी बघून, रोज थोडं पुढे. दादा पुन्हा दाढी करायला लागला. वहिनीने मला विचारलं, "मुंबईला एस.टी. सकाळची बरी की संध्याकाळची?" आणि मी एस.टी.चं असं काही वर्णन केलं की ती विमानच समजली असेल.

ज्या दिवशी खुंटा ओलांडला, तो दिवस करड्या आभाळाचा होता. दुपार कलली होती, भरती नुकती थांबलेली. दादाने काठी मागे नेली. ते जांभळं गांडूळ हवेतून गेलं, काही घाई नसल्यासारखं गेलं, आणि खुंट्याच्या पलीकडे, चांगलं दोन होड्यांच्या अंतरावर, आवाज न करता पाण्यावर टेकलं. दोन होड्या म्हणजे दोनच. या वेळी मी वाढवून सांगत नाही.

मी नाचलो. "मुंबई! मुंबई!" असं ओरडलो. दादा नुसता पाण्याकडे बघत होता. गांडूळ सावकाश खाली जात होतं. आणि मग तंगूस बाजूला सरकला.

जिताडा होता. एकदाच उसळून वर आला आणि पाठ दाखवून गेला. त्याचं वजन मी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगितलंय, इथे सांगत नाही. त्याने ओढ दिली आणि ती मऊ काठी मुळापर्यंत वाकली. वर बसवलेली चरखी, ओढ आली की खाली जायला बघते. काठी मुठीत गरकन फिरते. तिला अडवतो तो अंगठा. दादाच्या चार बोटांत काठी फिरली, चरखी खाली गेली, मूठ उघडली. त्याने डाव्या हाताने धरायला पाहिलं, मी धावलो.

"हात लावू नको!" तो ओरडला.

मी थांबलो. माझे दोन्ही अंगठे घेऊन तिथे उभा राहिलो. माशाने खुंट्याला वळसा घातला, कालवांच्या धारेवर तंगूस लागला आणि तुटला. काठी पायरीवर आपटली. पाणी पुन्हा सपाट झालं.

मी म्हटलं, "गेला तर गेला. मासा धरायचं कुठे ठरलं होतं? खुंटा ओलांडायचं ठरलं होतं. ओलांडलास. उद्या निघायचं."

दादाने काठी उचलली, फडक्याने पुसली. "ठरवतानाच चुकलो मी," तो म्हणाला. "बोटीवर दोर फेकतो तो एकदा फेकतो आणि बाजूला होतो. बाकीच्यांना तो धरायचा असतो. फेकायला ठेवत नाहीत रे माणूस. धरायला ठेवतात."

"डॉक्टरला काय कळतंय त्यातलं?"

"त्याला नाही कळणार. तो पास करीलसुद्धा. आणि मग माझ्यावर भरवसा ठेवून दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा असेल?"

घरी आल्यावर वहिनीने आमची तोंडं बघितली आणि एस.टी.चं काही विचारलं नाही. दादाने स्वतःच सांगितलं, "मामांना कळवा, येतो म्हणून."

पुढच्या पावसाळ्यात मी चिपळूणला गेलो होतो. दादा गल्ल्यामागे बसला होता, उजवा हात गल्ल्याखाली, गिऱ्हाईकाला दिसणार नाही असा. मामा माझ्यासमोर त्याची तोंडभरून स्तुती करत होते. दुकानात गर्दी नव्हती. मी वाडीतल्या गमती सांगितल्या, एकाच्या चार करून सांगितल्या, आणि तो बरोबर जागच्या जागी हसला. वाशिष्ठी नदी त्याच्या खोलीपासून फार तर दोन आळ्या सोडून, तांबडी होऊन वाहत होती. मी म्हटलं, "चल, जरा पाणी बघून येऊ."

"तू ये जाऊन," तो म्हणाला. "मला खोलीत ऐकू येतं ना."

मी एकटा गेलो, पुलावर उभा राहिलो आणि थोड्या वेळाने परत आलो. चहा येईपर्यंत आम्ही दोघं समोरच्या दुकानाची पन्हळ गळताना बघत बसलो.