ताऱ्यांची भावकी

मुलीला मिरजगावच्या शाळेत कायम नोकरी मिळाली होती आणि ती घ्यायची नाही म्हणत होती. तिला आणखी पाच वर्षं तरुण ताऱ्यांचे मोठे समूह मोजायचे होते: केवढे पसरलेत, किती वयाचे आहेत. शाळेला सकाळी कळवायचं होतं. मी माझं मत आधीच सांगून टाकलं होतं. हातातला पगार सोडून आभाळ मोजायला निघालेलं माणूस मला कळत नाही.

जेवणं झाली आणि लाईट गेली. पुणतांब्याबाहेर आमची वस्ती. अंगणात खाटा टाकल्या. मृग डोक्यावर आला होता.

"आई, तो तीन ताऱ्यांचा बाण दिसतो ना? त्याच्या खाली धुरकट ठिपका आहे बघ. तिथं अजून तारे जन्मतायत."

"अजून?" मी समजत होते, आभाळ एकदा झालं ते झालं.

ठिपक्यातले तारे दहा-वीस लाख वर्षांचे, म्हणजे तान्हेच, असं ती म्हणाली. बाण आणि भोवतालचे बरेच तारे त्याच कुळातले, पण आधी जन्मलेले. काही तर कोटभर वर्षांचे. ते शेकडो प्रकाशवर्षं पांगलेत. समूह जितका ऐसपैस, तितकं त्याचं वय सहसा जास्त.

"मंग ही भावकीच हाय की," आमच्या यांनी पलीकडच्या खाटेवरून आवाज दिला. "एका घरातनं निघायचं आन् वस्त्या करीत लांब जायचं. बांधावरनं भांडत्यात का न्हाई?"

"नाही हो पप्पा. एकमेकांना धरून ठेवायची ताकदच नसते त्यांच्यात. नुसते पांगत राहतात."

"लई शानी भावकी."

ती दोघं हसली. मी हात लांब करून बाणापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर बघत होते. जेमतेम दोन बोटं. माणसाची जात निपजायच्या आधी पेटलेले तारे त्या दोन बोटांखाली झाकले जात होते, आणि ही त्यांना तान्हे म्हणत होती.

"हे तर सगळ्यांना माहीत असेल. मग तू काय मोजणार?"

"याचं माहीत आहे. मी लांबचा एक समूह घेतला. तारे कुठून कसे पांगले ते उलटं लावत गेले आणि वय काढलं."

"आधी कोणी काढलं होतं?"

"त्याचं नाही."

लाखो वर्षं ते तारे पांगत होते आणि त्यांचं वय पहिल्यांदा कळलं ते डास मारत बसलेल्या या पोरीला.

"मिरजगावला सकाळी मी फोन करते," मी म्हटलं. "तुला धड नाही म्हणता येत नाही."

"आन् सांगनार काय त्यास्नी?" यांनी विचारलं.

"तिला काम आहे म्हणून."