तोंड त्याचं बघा, आपलं झाका

बारामतीच्या एका दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या दिवशी शालन सिस्टरांनी मला दारातच धरलं. त्या वॉर्डाच्या इन्चार्ज. मी नाव सांगायला लागले आणि सगळेच करतात ते केलं. बोलायसाठी मास्क हनुवटीवर ओढला.

“वर घे आधी,” त्या म्हणाल्या.

“सिस्टर, नाव सांगत होते.”

“अगं, बोलायसाठीच तर लावलाय त्यो. गप बसायचं असतं तर कशाला लागला असता?”

करोना ओसरून बरेच दिवस झाले होते. बाकी दवाखान्यातले मास्क केव्हाच खिशात गेले होते, शालन सिस्टरांचा काही उतरला नव्हता. बाई मूळच्या वरकुट्याच्या, आवाज असा खणखणीत की मास्कमधूनसुद्धा जिन्यापर्यंत पोचायचा. आमचे डॉक्टर त्यांची चेष्टा करायचे. म्हणायचे, “सिस्टर, करोना गेला की. अजून घाबरता होय?”

“मी कुठं घाबरतीय साहेब? घाबरायचं असलंच तर ह्या पोरांनी मला घाबरायचं,” असं म्हणून त्या काचेच्या पेटीतल्या मुठीएवढ्या जिवाकडं बोट दाखवायच्या. आपण ज्यांची सेवा करतो त्यांच्यासाठी आपला श्वासच धोक्याचा असू शकतो, हे ती बाई एवढ्या सहज बोलायची की ऐकणाऱ्याला क्षणभर स्वतःचीच भीती वाटावी.

त्यांची खरी लढाई असायची ती तोंड बघायला येणाऱ्यांशी. आमच्याकडं बाळ जन्मलं की निम्मं गाव त्याचं तोंड बघायला निघतं. एकदा पिंपळीचे एक बागायतदार आबा जीपभर पाहुणे घेऊन हजर झाले. एकेकालाच आत सोडणार आणि तेही मास्क लावून, असं कळल्यावर आबा तापले.

“नातवासमोर तोंड लपवून जाऊ व्हय? आमी काय तोंड काळं केलंय?”

“न्हाय ओ आबा.”

“मला काय हुतंय? पैलवान गडी हाय मी.”

“तुमी हाय पैलवान. त्यो न्हाय. तोंड त्याचं बघायचं आन् आपलं झाकायचं, एवढंच हितं चालतं.”

आबा कुरकुरत आत गेले. बाहेर आले ते मास्क भिजवूनच. सिस्टरांनी दुसरा कोरडा मास्क हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून आबा वॉर्डाच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसू लागले, “ए, तोंड झाक की!” त्यांच्यापुढं आमचं काही चालेना. त्यांचा नातू घरी गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास सोडला.

मग एका सकाळी सिस्टरांच्या स्वतःच्या घरावर ती वेळ आली. त्यांची लेक पळसदेवला दिलेली. तिला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, मुलगा झाला आणि तो आमच्याच वॉर्डात पेटीत आला. सिस्टरांचा पहिला नातू. आणि नेमकं त्याच दिवशी सिस्टरांचं नाक वाहत होतं, घसा बसला होता. सर्दी झालेल्यानं आत यायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्या ड्यूटी दुसऱ्या सिस्टरकडं सोपवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, तिथंही मास्क लावून.

दुपारपर्यंत बाळ खालावलं. लेकीला चाकाच्या खुर्चीवरून आणून ते दाखवलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले.

“सिस्टर, दोन मास्क लावा, गाऊन घाला, पण या. संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही.”

सिस्टर उठल्या. दारापर्यंत आल्या. मला वाटलं, येतायत. तिथंच थांबून त्यांनी मला विचारलं, “त्याच्या शेजारी कोण हाय?”

“इंदापूरच्या जुळ्या.”

“श्वासाचं मशीन लागलंय त्यास्नी?”

“हो.”

त्यांनी दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला. “आत माझा एकटाच हाय का साहेब?” म्हणाल्या, आणि पुन्हा बाकावर जाऊन बसल्या.

डॉक्टर बाळाकडं परत गेले. मी तर उभीच राहिले. रडावं की त्यांचे पाय धरावेत, कळेना. नियम दुसऱ्याला लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. आपल्या काळजाच्या तुकड्यापुढंही तो न वाकवणारं एवढंच एक माणूस पाहिलं, आणि एवढं बळ कुठून आणलं असेल या बाईनं, याचा मला अजून उलगडा होत नाही.

मी आत जाऊन मोबाइलवर बाळाचा फोटो काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. नाकात नळी, ओठांवर चिकटपट्ट्या, वर टोपी. “ह्याचं तर तोंडच दिसत न्हाय गं,” म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला.

उन्हं कलायच्या आत बाळ गेलं. आम्ही नळ्या काढल्या, चिकटपट्ट्यांचे वण ओल्या कापसानं पुसले, दुपट्यात गुंडाळलं. मी त्याला बाहेर घेऊन आले, बाजूच्या रिकाम्या खोलीत. शालन सिस्टर माझ्या मागोमाग आल्या. त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला करून पहिल्यांदा नातवाचं तोंड बघितलं. मग दोन्ही कानांमागच्या दोऱ्या सोडवून मास्क उतरवला आणि हात पुढं केले.

“दे माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “आता माझी सर्दी त्याला बाधत न्हाय.”