स्टेपनीखालची निवटी

गाडी घ्यायची ती आईसाठी, हे आमच्या घरात पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आई पेणला एकटी राहते आणि मी रोह्याला. तिचे गुडघे गेल्यापासून एसटीची पायरी तिला चढवत नाही. स्टँडवर मागून कोणीतरी तिला ढकलतं, वरून कंडक्टर हात धरून ओढतो आणि ती ओशाळं हसत मिळेल त्या जागेवर बसते. हे मी एकदा पाहिलं आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "गाडी हवी. कसलीही चालेल, चार चाकं असली म्हणजे झालं." देव नेमकं असलं बोलणं कान देऊन ऐकतो.

नव्या गाडीची ऐपत नव्हती. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये, नवरा शेजारच्या कंपनीत शिफ्टवर, घराचा हप्ता चालू. म्हणजे सेकंडहँडच. मग आमच्या रविवारांची माती सुरू झाली. रोह्यातल्या एका गृहस्थांची गाडी बघायला गेलो, तर मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. "तिला उठवू नका, पिल्लं बाहेर येऊ देत, मग सावकाश बघा," असं ते अगदी मनापासून म्हणाले. पेणच्या एकाने 'डॉक्टरांनी वापरलेली गाडी' दाखवली. कुठल्या डॉक्टरांनी, ते काही त्याला सांगता येईना. प्रत्येक ठिकाणी नवरा आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर घ्यायचा. तो गाडीखाली डोकावायचा, मान हलवायचा आणि आम्ही चहा पिऊन परत यायचो.

मग मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, तिला असलेला एकुलता एक. धरमतरच्या खाडीकाठी एका गावात त्याचं घर आहे. माझ्या शाळेच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या तिथेच गेल्या.

"भाचे, तू गाडी बघतंस म्हणं. माझी हाय ना गो! परक्यांच्या दारात कशाला जातंस? तुला काय मी फसवीन?"

किंमत त्याने बाजारापेक्षा थोडी कमी सांगितली. मी हरखले.

नवरा म्हणाला, "मेकॅनिकला रविवारचं सांगून ठेवतो." मी त्याच्या अंगावरच गेले. मामाच्या दारात मेकॅनिक न्यायचा? माझ्या लग्नात जो माणूस माझ्या पाठीशी उभा राहिला, त्याच्या गाडीखाली मी दुसऱ्याला टॉर्च देऊन घालू? मामाशी घासाघीस करायची नाही, मामाने दिलेली वस्तू उलटीपालटी करून बघायची नाही, ही आमच्याकडची रीत आहे. ती कोणी शिकवत नाही, पण मोडली तर सात गावांत बोभाटा होतो. नवरा घाटावरचा. त्याने मेकॅनिकला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याचा तो फोन मला अजून टोचतो.

आम्ही आईला घेऊन गाडी बघायला गेलो. अंगणात गाडी धुऊनपुसून उभी होती. सीटना नवी कव्हरं, पायाखाली नवे मॅट, आणि आत सेंट इतका फवारलेला की नवऱ्याला शिंका आवरेनात. सीटखालच्या पट्टीवर गंज होता आणि गंजावर पांढरट पापुद्रा. मला तो दिसला. मी नखाने खरवडूनही पाहिला. पण मामाच्या घरातलं सगळं लोखंड तसंच असतं. दारांच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, विहिरीवरचा रहाट, सगळ्यांना खारा वारा खातो. पुण्याचा माणूस तो पापुद्रा बघून पळत सुटला असता. मला मात्र तो बघून आजोळी आल्यासारखं वाटलं.

आई गाडीकडे न बघता मामीबरोबर घरात निघाली होती. मी हाक मारली, "आई, आत बसून तरी बघ."

"बघीन गो. कुठं पळते काय ती?"

मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

दसऱ्याला गाडी घरी आणली. बॉनेटला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. त्याच्या अंगणातून निघताना नारळ मामाने स्वतःच्या हाताने फोडला आणि मामीने मला ओवाळलं. एवढा थाट तर माझ्या लग्नातही झाला नव्हता.

आठवड्याच्या आत उजवीकडची काच खाली गेली ती वर येईना. मग हॉर्न आपल्या मनाने वाजायला लागला. एकदा रोह्याच्या बाजारात तो एका आजोबांच्या मागे असा केकाटला की त्यांनी हातातली भाजीची पिशवी टाकून दिली आणि मला कचकचून शिव्या घातल्या. नवरा म्हणायचा, "घरचं झालं थोडं आणि मामानं धाडलं घोडं." मी हसायचे नाही. शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने वायरिंग उघडून हिरवी पडलेली तांब्याची तार दाखवली आणि विचारलं, "पाण्यातली गाडी आहे का ताई?"

"मामाची आहे," मी म्हटलं. त्या प्रश्नाचं ते उत्तर झालं असं मला खरोखरच वाटलं होतं.

दिवाळीसाठी आईला आणायला आम्ही दोघं पेणला गेलो. येताना वडखळ मागे पडलं आणि गडबजवळ मागचं चाक बसलं. रस्त्याकडेच्या दुकानदाराने आईला सावलीत खुर्ची दिली. नवऱ्याने डिकी उघडली तर स्टेपनीचा बोल्ट गंजून एकजीव झालेला. तेल सोडून, पान्याने हाणून, घामाघूम होऊन त्याने तो कसाबसा सोडवला आणि स्टेपनी उचलली.

खालच्या खळग्यात करडा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. खाडीचा चिखल मी डोळे मिटून नुसत्या वासावरून ओळखेन. आणि त्या चिखलात एक निवटी होती. सुकून काडी झालेली, पण डोक्यावरचे दोन डोळे तसेच उभे. ओहोटीला खाडीच्या चिखलात उड्या मारणारे हे मासे धरायला लहानपणी मामाच आम्हाला न्यायचा. निवटी पेणच्या बाजारात टोपलीत मिळते. स्टेपनीखाली ती आपल्या पायांनी गेली नव्हती. ही गाडी खाडीच्या पाण्यात बुडून निघाली होती.

मी ती शेपटीला धरून आईपुढे नेली. "हे बघ काय निघालं."

आईने बघितलं. तिला नवल वाटलं नाही. माणसाला नवल वाटलं की ते चेहऱ्यावर येतं, आणि माझ्या आईचा चेहरा मला पाठ आहे.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "नारळी पुनवेला मी राखी बांधाया गेलते ना. उधाणात बांध फुटला."

"फोनवर तू एवढंच म्हणालीस की अंगणात पाणी आलं आणि गेलं."

"गाडी अंगणातच व्हती."

"आणि मी ती घेतेय हे बघूनसुद्धा तू चकार शब्द काढला नाहीस?"

"दादानं शपथ घातली. त्याचं लय नुकसान झालं त्या पाण्यात. शेत पण खारं झालं. मी बोलले असते तर तू घेतली नसतीस."

"नसतीच घेतली!"

"मग त्यानं मला परत दारात घेतलं असतं काय?"

दुकानदार आत जाऊन उगाच पापडांची पाकिटं नीट लावायला लागला. माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, "आई, मी ही गाडी तुझ्यासाठी घेतली. तुला एसटीत चढवत नाही म्हणून. मामाने केसाने गळा कापला, ते कळतं. पण तू?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. तिला रडूबिडू आलं नव्हतं. समजुतीच्या सुरात, मी लहान असताना अभ्यास घ्यायची त्या सुरात, ती म्हणाली, "त्याचा राग आला असता तर माझं माहेर तुटलं असतं गो. तुझं काय, तू माझी पोर. तू रागवशील, भांडशील, आणि परत येशील. तू कुठं जाणार हायस?"

मला त्या क्षणी तिचा तिरस्कार वाटला. हे मी कोणापाशी बोलले नाही, इथे लिहिते आहे. नवऱ्याने चाक बसवलं. आईला मागच्या सीटवर बसवून आम्ही रोह्याला निघालो. नागोठण्याच्या पुढे हॉर्न एकदा आपल्या मनाने वाजला.

भाऊबिजेला आईला मामाकडे जायचं होतं. नवऱ्याची शिफ्ट होती. मी म्हणू शकले असते, एसटीने जा. मी नेलं तिला. तिने मामाला ओवाळलं, मामाने ताटात साडी ठेवली, आणि दोघं लहानपणाचं काहीतरी आठवून इतकी हसली की मामीला पाणी आणून द्यावं लागलं. मग आई विळीवर नारळ खवायला बसली आणि मामाने मला विचारलं, "काय भाचे, गाडी कशी चालते?"

आईचा हात थांबला. नारळाची कवड तशीच विळीच्या तोंडाशी धरून ती खाली बघत राहिली.

"बरी चालते," मी म्हटलं.

तिचा हात पुन्हा चालू झाला. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. मी त्या दिवशी मामाकडे जेवले नाही, अंगणात गाडीत बसून राहिले. मला बोलवायला कोणी बाहेर आलं नाही.