गप पडलेला आधी

दर मंगळवारी तो मेंढपाळ भवानी पेठेत घोंगड्या विकायला येतो. समोर कोणीही आलं तरी तो आधी त्याची चाल बघतो आणि मग तोंड. मेंढरांमागे जन्म गेलेल्याची ही सवय.

मी बोर्डाच्या शाळेत मास्तर. मागच्या वर्षी प्रथमोपचाराची परीक्षा पास झालो आणि सर्टिफिकेटाला चौकट करून ते भिंतीवर लावलं. पुढच्याच आठवड्यात माळावरच्या ओढ्यात आमची बैलगाडी उलटली. माझा घोटा मुरगळला. मी असा आरडाओरडा केला की हा मेंढरं सोडून धावत आला, आणि मला ओलांडून पलीकडे गेला.

पलीकडे गाडीवान निपचित पडला होता. त्याची मला आठवणसुद्धा झाली नव्हती. यानं त्याच्या नाकाशी कान नेला, मान सांभाळत त्याला कुशीवर वळवलं आणि तोंडातला चिखल बोटानं काढला. गाडीवान खोकला, तेव्हा त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

"अरे, माझा पाय मोडलाय," मी म्हणालो.

"मास्तर, तुमी वरडताय की. म्हंजी दम हाय. गप पडलंय त्याला आदी बघायचं."

परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला होता. त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

परवा घरी भांडून मी बाजारात एका पायरीवर मुकाट बसलो होतो. गिऱ्हाईक सोडून तो उठून आला आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघू लागला. मी घाईघाईनं ज्वारीच्या भावावर कुरकुर सुरू केली. तो थोडा वेळ ऐकत राहिला.

"ब्येस हाय," म्हणाला, आणि परत गेला.